वर्गातली जागा वर्षभर कशी राखायची? (दीर्घ विलगीकरणातला विद्यार्थी आणि शाळा)

खडूफळा
नमस्कार मंडळी. इथली जुनी वाचक आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

मी पाचवीची वर्गशिक्षिका. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) उलटलाय. पहिल्यांदा झाला तेव्हा तो पहिलीत होता. आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलंय. आधी केमो, मग ट्रान्सप्लांट, मग कित्येक महिने घरातच. शाळेत यायला वर्ष तरी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय.

बातमी कळली तेव्हा शाळेनं जे केलं ते अगदी मनापासून केलं. दाराएवढं भेटकार्ड बनवलं, त्यावर सगळ्या शाळेच्या सह्या. प्रत्येक वर्गाचा व्हिडिओ. शिपाईमामांनीसुद्धा दोन ओळी लिहून दिल्या. तो आठवडा सगळी शाळा त्याचीच होती. मग चाचणी आली, मग तपासणी आली, आणि सहा आठवड्यांत त्याचं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

परवा त्याच्या आईशी बोलले. तो मित्रांचे फोन घेत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. तिनं कारण विचारलं तर म्हणाला, "त्यांनी मला निरोप दिलाय ना? मग आता कशाला फोन?"

आम्ही धीर देत होतो, आणि त्याला तो निरोपसमारंभ वाटला. ते कार्ड आठवलं की पोटात कालवतं. सह्यांच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही तुला कधीच विसरणार नाही.' दहा वर्षांचं पोर हे कसं वाचेल, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नाही.

भेटवस्तू काय द्यावी हे नका सांगू. वर्षभर टिकेल असं काय करता येईल? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा.

मोरपीस
बाई, तुमची पोस्ट वाचून चार वर्षं मागे गेले. माझ्या लेकीचं ट्रान्सप्लांट झालं तेव्हा ती चौथीत होती. तुमच्या मुलाचं वाक्य मला अजिबात नवीन नाही. पहिल्या आठवड्यात फोन बंद ठेवावा लागेल इतके मेसेज यायचे. तिसऱ्या महिन्यात दिवसाला एकही नाही. आणि खरी कसोटी तिसऱ्या महिन्यानंतर असते. तेव्हा धोका थोडा ओसरलेला असतो, पोर शुद्धीवर असतं, कंटाळलेलं असतं, बाहेर जायला मनाई असते. आणि जगाला वाटतं, झालं की सगळं, आली ना घरी!

आम्हाला तारलं ते एका वहीनं. तिच्या बाईंनी 'दिवसाची वही' सुरू केली. रोज एका मुलानं अर्धं पान लिहायचं, आज वर्गात काय झालं ते. बाई संध्याकाळी फोटो पाठवायच्या. एकच नियम होता: 'लवकर बरी हो' लिहायचं नाही. मग मुलं काय लिहायची? पंखा पुन्हा कुरकुरतोय. विज्ञानाच्या तासाला चुंबक हरवलं, सगळा वर्ग गुडघ्यांवर. तुझ्या बाकावर आज अमकी बसली, पण तुझा कप्पा उघडला नाही. लेक ते फोटो मोठे करकरून वाचायची. कोणाचं अक्षर कोणाचं, हे ओळखायचा तिला नादच लागला.

दुसरं म्हणजे हजेरी. बाई रोज तिचं नाव पुकारायच्या आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "घरून हजर!" पटावर काय मांडलं जायचं ते त्यांना माहीत. पण पुकार एक दिवसही चुकली नाही.

पारवा
अवांतर होईल कदाचित, पण एक पालक म्हणून विचारतो. आमच्या मुलांच्या शाळेत असाच प्रसंग आला तेव्हा पालकांच्या ग्रुपवर बराच वाद झाला. 'कॅन्सर' हा शब्द वर्गात वापरू नका, मुलं घाबरतील, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं. 'बरं नाहीये, विश्रांती घेतोय' एवढं पुरे नाही का?

अक्षरवेल
पारवा, तुमची काळजी समजते. शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

मुलांना अर्धवट कळलं की उरलेलं ती स्वतः रचतात, आणि ते खऱ्यापेक्षा नेहमीच भयंकर असतं. एका मुलीनं मला हळूच विचारलं होतं, "मी त्याला मधल्या सुट्टीत ढकललं होतं, म्हणून झालं का त्याला?" आठ महिने ती हे मनात घेऊन फिरत होती. 'विश्रांती घेतोय' म्हटल्यावर तिच्यापर्यंत कोण पोचणार?

सांगायच्या गोष्टी मोजक्याच. आजाराचं नाव. तो कोणाच्या चुकीमुळे झालेला नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उलट आपली साधी सर्दी त्याला लागू शकते, म्हणून तो दूर आहे. दूर राहण्याचं कारण उलटं आहे, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसायला हवं. नाहीतर परत आल्यावर त्याच्या शेजारी बसायला मुलं कचरतात.

आणि "तो मरेल का?" हा प्रश्न येणारच. तेव्हा वर्गात शांतता पसरते आणि आपल्याला विषय बदलावासा वाटतो. बदलू नका. "हा आजार मोठा आहे. डॉक्टर त्याला बरं करण्यासाठी सगळे प्रयत्न करतायत. पुढे काय होईल ते मला आज माहीत नाही. काही बदललं तर मी स्वतः तुम्हाला सांगेन." एवढं म्हणा, आणि शेवटचा शब्द पाळा.

हे सगळं आईवडिलांच्या आणि त्या मुलाच्या परवानगीनंच. काय सांगायचं, काय नाही, हे आधी त्यालाच विचारायचं. केस गेलेला, सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो कोणीतरी मायेनं ग्रुपवर टाकतं आणि पोर महिनाभर कोणाला तोंड दाखवत नाही. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजतो, औषध थांबलं की उतरतो. पण फोटो फिरतच राहतो.

पारवा
त्या मुलीचं वाचून गप्प झालो. माझं म्हणणं मागे घेतो.

नाइटड्युटी
ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स आहे. आतून कसं असतं ते सांगते, म्हणजे शाळेला आखणी करता येईल.

ट्रान्सप्लांट म्हटलं की मुलांना ऑपरेशन डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात दात्याच्या पेशींची पिशवी असते आणि ती रक्तासारखी सलाइनच्या नळीतून जाते. त्या दिवसाला आम्ही 'दिवस शून्य' म्हणतो. त्याआधीच्या केमोनं त्याची स्वतःची मज्जा (बोन मॅरो, हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भाग) रिकामी केलेली असते, म्हणून नव्या पेशी रुजेपर्यंत अंगात लढायला सैनिकच नसतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग ३ दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात. याला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. तोवर तो एका खोलीत. आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते. हवा हेपा फिल्टरमधून येते. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के कण तो अडवतो.

म्हणून ताजी फुलं नकोत, कुंडी तर मुळीच नको. मातीत आणि साठलेल्या पाण्यात बुरशी असते. जुनी धुळकट पुस्तकं, धुता न येणारी मऊ खेळणीही नकोत. लॅमिनेट केलेला कागद पुसून आत नेता येतो. तरी प्रत्येक वॉर्डाचे नियम वेगळे असतात, पाठवण्याआधी विचारा.

आता फोनबद्दल, कारण इथेच माणसं दुखावतात. या दिवसांत तोंडापासून घशापर्यंत फोड येतात. थुंकी गिळणंही कठीण होतं. मूल बोलत नाही, कारण त्याला बोलता येत नाही. फोन घेतला नाही तर ते राग म्हणून मोजू नका. असा फोन लावा ज्यात त्याला बोलावंच लागणार नाही. तुम्ही बोला, तो ऐकेल, वाटलं तर अंगठा दाखवेल. आणि तो कधीही, कारण न देता, फोन बंद करू शकतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा. त्या खोलीत सुया, औषधं, तपासण्या, कशालाच त्याला 'नको' म्हणता येत नाही. एका गोष्टीला तरी म्हणता येऊ दे.

दिवस मोजायला मुलांना आवडतं: अधिक ५, अधिक १२. मोजू देत. पण रक्तातल्या पेशींच्या आकड्यांवर टाळ्या वाजवू नका. आकडे वर जातात तसे खालीही येतात, आणि मग मुलाला वाटतं आपण नापास झालो.

जुनाबाक
मी आता चाळिशी ओलांडली आहे. आठवीत असताना हेच सगळं माझ्यावर गेलंय. ट्रान्सप्लांट नव्हतं, पण केमोमुळे जवळजवळ सात महिने घरात होतो. व्हिडिओ कॉल वगैरे काही नव्हतं. सरांनी एक कॅसेट पाठवली होती. त्यात भाषण नाही, शुभेच्छा नाहीत. वर्गाचा तासभराचा आवाज होता. घंटा, बाक ओढल्याचा कर्रर्र आवाज, "सर, याने माझा खडू घेतला", फळ्यावरची टकटक, मधेच सगळे एकदम हसतात आणि का हसले ते कळतच नाही. ती कॅसेट मी फीत निघेपर्यंत ऐकली. का हसले, ते परत गेल्यावर सगळ्यांना विचारलं. कोणालाच आठवेना.

आणखी एक. त्या काळात माझ्याशी सगळे जपून वागायचे. पत्त्यांत हरायचे, कॅरममध्ये हरायचे. मला कळायचं. इतकं एकटं मला वॉर्डातसुद्धा वाटलं नव्हतं. एकच मित्र फोनवर बुद्धिबळ खेळायचा, आणि तो मला धुऊन काढायचा. एकदा मी चाल मागे घेतो म्हणालो तर म्हणाला, "आजारी आहेस म्हणून चाल मागे मिळत नाही." मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, "तुझी खेळी." त्या सात महिन्यांत मला माणूस म्हणून वागवणारा तोच. आजही भांडतो आम्ही.

बाई, तुमच्या वर्गात असा एखादा हट्टी पोरगा असेल. त्याला शोधा.

खडूफळा
आहे! नक्की आहे. त्याला गप्प बसवण्यात माझं अर्धं वर्ष जातं.

थोरली
इथे बहुतेकांनी आजारी मुलाबद्दल लिहिलंय. मी त्याच शाळेतल्या बहिणीबद्दल लिहिते, कारण ती मी होते.

सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. माझी धाकट्या भावाशी जुळली. मी नववीत. सगळे म्हणाले, किती नशीबवान, भावाला जीवदान देणार! शाळेत मला उभं करून टाळ्या वाजवल्या. पुढे त्याच्या अंगावर पुरळ आलं, पोट बिघडलं. दात्याच्या पेशी नव्या शरीराला परकं समजून त्यावर उलटतात, तो प्रकार. डॉक्टर म्हणाले, असं होतं, औषध आहे. पण माझ्या डोक्यात एकच: माझ्या पेशी त्याला खातायत. टाळ्या घेतलेल्या पोरीनं हे कोणाला सांगायचं?

रोज जिन्यावर किमान दहा जण विचारायचे, "भाऊ कसा आहे?" शिक्षक, मुलं, ऑफिसमधल्या बाई. "तू कशी आहेस?" वर्षभरात दोघांनी विचारलं. मी मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन बसायला लागले, प्रश्न चुकवायला.

म्हणून विनंती. त्या मुलाचं भावंड शाळेत असेल तर बातमी त्याच्याकडून घेऊ नका. घरच्यांनी एका शिक्षकाला कळवावं, त्यानं बाकीच्यांना. आणि भावंडाला नुसतं म्हणा, "बस, काही बोलायचं नसेल तर नको."

खडूफळा
थोरली, त्याची बहीण आमच्याच शाळेत सातवीला आहे. दाता तीच आहे. आजच सकाळी जिन्यात मी तिला विचारलं, "भाऊ कसा आहे गं?" ती म्हणाली, "बरा आहे बाई," आणि पळाली. उद्यापासून बदलते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

तांबडंफुटलं
एक माहिती. नॉर्वेतल्या 'नो आयसोलेशन' या २०१५ साली सुरू झालेल्या कंपनीनं 'एव्ही१' नावाचा छोटा रोबो बनवलाय. तो वर्गात मुलाच्या बाकावर बसतो. मूल घरून टॅबवरून त्याचं डोकं फिरवतं, वर्ग बघतं, ऐकतं, बोलतं. 'हात वर' करायचा असेल तर रोबोवर दिवा लागतो. मला सगळ्यांत आवडलं ते हे, की मुलाचा चेहरा वर्गाला दिसत नाही, फक्त आवाज येतो. केस गेलेल्या मुलासाठी हे केवढं मोठं आहे! रोबो नसला तरी जुना फोन स्टँडवर लावून, मुलानं स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून, बरंचसं साधतं. फक्त वर्गातल्या इतर पालकांना आधी विचारून घ्या.

अक्षरवेल
तांबडंफुटलं यांना अनुमोदन. अभ्यासाचं राहिलं होतं ते लिहिते.

दयेपोटी शाळा म्हणते, "अभ्यासाचं टेन्शन नको, परीक्षा माफ." मुलाला ऐकू येतं, 'तू परत येशील असं आम्ही धरलेलं नाही.' त्याच्याशी बोलून ओझं कमी करा, पण शून्य करू नका. एकच विषय ठेवा, त्याच्या आवडीचा. दहाऐवजी चार गणितं. व्हिन्क्रिस्टीनसारख्या केमोच्या औषधानं बोटं बधिर होतात, पेन्सिल धरवत नाही, अक्षर बिघडतं. तेव्हा तोंडी उत्तरं घ्या. काही मुलांचं लक्ष टिकत नाही, विचारांचा वेग मंदावतो. हे उपचार संपल्यावरही काही काळ, काहींमध्ये बराच काळ, राहू शकतं. तो आळस नाही, हे पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांपर्यंत लेखी पोचवा. पुढच्या वर्षी तुम्ही त्याच्या वर्गशिक्षिका नसाल.

आणि त्याच्याकडून काहीतरी मागा. वर्ष-वर्ष नुसतं घेत राहणं मुलांना जड जातं. त्याच्यामुळे वर्गाचं काहीतरी अडायला हवं.

खडूफळा
तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. तुम्ही इतकं दिलंत, हिशोब द्यायला हवा.

आधी माझी चूक. पहिला व्हिडिओ कॉल अख्ख्या वर्गाचा लावला. सगळे एकदम ओरडले, त्यानं चौथ्या मिनिटाला बंद केला. मी रडकुंडीला आले होते. पण नाइटड्युटींचं आठवलं, त्याला काही विचारलं नाही. मग चार-चार जणांचे गट केले, दहा मिनिटं, त्याचा कॅमेरा बंद.

वही पहिल्या दिवसापासून चालू आहे. सुरुवातीला मुलं निबंध लिहायची: 'आज आम्ही आनंदाने शिकलो.' मीच म्हटलं, खरं लिहा रे. आता तर माझ्याही तक्रारी असतात त्यात.

अक्षरवेल म्हणाल्या तसं काम मागितलं. त्याला कोडी घालायचा नाद आहे. शुक्रवारचं कोडं त्याचं. सोमवारपर्यंत कोणाला सुटलं नाही तर गृहपाठ नाही, असं मी कबूल केलंय. त्यामुळे वर्गाला कोडं न सुटण्यातच रस होता. ते त्याला कळलं तसे त्यानं नियम बदलले: सुटलं तर गृहपाठ नाही. आणि कोडी कठीण केली!

मधे १९ दिवस काहीच नव्हतं. दिवस शून्य झाला, मग ताप, मग संसर्ग. वहीचे फोटो जायचे, बघितल्याची खूणही यायची नाही. बाराव्या-तेराव्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "बाई, तो वाचत नाहीये, मग लिहायचं का?" मला उत्तर सुचेना. तो हट्टी पोरगा मागून म्हणाला, "आल्यावर वाचेल की. मधली पानं कोरी ठेवायची का?" आणि त्या दिवशीचं पान त्यानंच लिहिलं, पाळी नसताना.

विसाव्या दिवशी त्याच्या आईच्या फोनवरून एक फोटो आला. त्यानं आमच्या पानांवर लाल पेननं शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. अक्षर गिरबट, ओळखू न येणारं. माझ्या पानावर दोन चुका काढल्यात, दोन्ही बरोबर. खाली लिहिलं होतं, 'माझा बाक खिडकीकडून कोणी हलवला?'

मुलांनी त्याच तासाला बाक परत खिडकीशी नेला.

बहिणीचंही सांगते. ती आता मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन बसते. मी तिथे वह्या तपासते. आम्ही बहुतेक बोलत नाही. गेल्या आठवड्यात एकदा बोलली, बराच वेळ.

थोरली
वाचलं. हातातलं काम बाजूला ठेवून रडले. तिला सांगू नका, पण तिच्यासाठी फार बरं वाटलं.

मोरपीस
१९ दिवसांचं वाचताना श्वास रोखला होता. आता सगळ्यांना वाटेल, झालं. बाई, हाच तो तिसरा महिना. वही थांबवू नका.

खडूफळा
नाही थांबवणार. पुढच्या इयत्तेच्या बाईंशीही बोलून ठेवलंय. नाइटड्युटी, एक विचारायचंय. तो घरी आलाय, आज दिवस अधिक ५८. आणि शेजारच्या तुकडीत कांजिण्यांची एक केस निघाली. आमच्या वर्गातला एक मुलगा परवा त्याच्या घरी खिडकीबाहेर उभा राहून बोलून आला. आत गेला नव्हता. त्याला स्वतःला काही नाही. सांगायला हवं का घरच्यांना?

नाइटड्युटी
आत्ता लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे 'काही दिसत नाही' याला अर्थ नाही. ट्रान्सप्लांटनंतर आधीच्या लसींचं संरक्षण बहुतेक पुसलं जातं. निष्क्रिय लसी (ज्यांत जिवंत जंतू नसतात) सहा महिने ते वर्षानंतर पुन्हा सुरू होतात, गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी तर दोन वर्षं तरी देत नाहीत. तोवर वर्गातल्या मुलांचं लसीकरण हेच त्याचं कवच. खिडकीबाहेरून धोका कमी असेल, पण ते डॉक्टरांना ठरवू दे. लागण टाळायचं औषध असतं, ते जितकं लवकर तितकं बरं. त्या मुलाला मात्र कोणी रागावू नका.

खडूफळा
फोन केला. त्यांनी डॉक्टरांना कळवलं. तिकडून विचारलंय की तो मुलगा कांजिण्या झालेल्या मुलाच्या जवळ बसला होता का, आणि त्याला लस झाली आहे का. त्याच्या आईशी बोलले, लस झालेली आहे, कार्डाचा फोटो पाठवतेय. पोरगा दाराआड उभा राहून ऐकत होता म्हणे. त्याला फोनवर घेतलं आणि सांगितलं, तुझी चूक नाही. त्यानं विचारलं, "उद्या वहीची पाळी माझी आहे, ती तर चालेल ना?"